कस्टममध्ये अडकलेले सिकेटर आणि हातातले सहा दिवस

पिंपळगाव बसवंतहून एका दुकानदार भावांचं पत्र आलंय. त्यांचं बारा वर्षांचं कृषी सेवा केंद्र आहे. यंदा पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या नावावर परदेशातून माल मागवला: जपानी बनावटीचे १,२०० सिकेटर (छाटणीच्या कात्र्या), इटलीतल्या एका डीलरकडून. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी माल दुकानात हवा म्हणून जुलैतच पैसे बँकेतून पाठवले. माल बंदरावर उतरला आणि तिथेच बसला. कस्टमचं पत्र आलं ते सोमवार, ४ ऑगस्टच्या तारखेचं. माल नकली असल्याचा संशय आहे, एवढंच त्यांना त्यातून कळलं. ते लिहितात, "ताई, बारा वर्षांत दोन नंबरचा एक खिळा विकला नाही. माल जप्त झालाय. एजंट म्हणतो, मालावरचा हक्क सोडल्याचं लिहून द्या आणि मोकळे व्हा, नाहीतर मालाच्या किमतीएवढं भाडं चढेल. इकडे त्या ब्रँडच्या भारतातल्या वितरकाच्या माणसाचा फोन आला, की पुन्हा आयात करणार नाही असं स्टॅम्पपेपरवर द्या, मग बघू. ४७ शेतकऱ्यांनी ५००-५०० रुपये आगाऊ दिलेत. काय करू?"

भाऊ, आज सोमवार, ११ ऑगस्ट. तुमच्या आधी आलेली तीन पत्रं बाजूला ठेवून तुमचं घेतलंय, कारण तुमच्याकडे दिवस मोजके आहेत.

तुम्ही पत्रासोबत कस्टमच्या कागदाचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. तुम्ही लिहिलंय "जप्त झालाय". कागदात तसं कुठेही नाही. त्यात लिहिलंय की मालाचं क्लिअरन्स 'सस्पेंड' केलं आहे, आणि खाली २००७ च्या बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियमांतल्या नियम ७ चा उल्लेख आहे. म्हणजे माल अडवलाय, जप्त झालेला नाही. हा शब्दांचा खेळ नाही. जप्ती होते कस्टम कायदा १९६२ च्या कलम ११० खाली, तिचा मेमो वेगळा, पंचनामा वेगळा, मुदती वेगळ्या. तुम्ही अजून त्या पायरीच्या अलीकडे आहात आणि अलीकडेच राहण्याचा प्रयत्न करायचा आहे.

या नियमांची रचना अशी आहे. ट्रेडमार्कचा मालक कस्टमकडे आपल्या मार्कची नोंद करून ठेवतो, बॉण्ड, म्हणजे हमीपत्र, लिहून देतो. त्या नोंदीवरून एखादा माल संशयास्पद वाटला तर अधिकारी तो अडवतो आणि आयातदाराला व मार्कच्या मालकाला लगेच कळवतो. तिथून पुढे मालकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने १० कामाच्या दिवसांत येऊन कारवाईत सहभागी व्हायचं असतं. तो आला नाही तर माल सोडावा लागतो, फक्त आयातीच्या बाकी अटी पूर्ण झालेल्या हव्यात. योग्य प्रकरणात ही मुदत आणखी १० कामाच्या दिवसांनी वाढवता येते. तो मुदतीत आला आणि अधिकाऱ्याला माल नकली असल्याचं सकारण वाटलं, तर मग जप्ती होऊ शकते.

तुमचे दिवस मी मोजलेत. ४ तारीख सोडायची. शनिवार, रविवार आणि १५ ऑगस्ट वगळला की दहावा कामाचा दिवस येतो मंगळवार, १९ ऑगस्ट. आजचा पाचवा. आज धरून सहा दिवस उरलेत. मुदत वाढवलीच तर गणपतीची सुट्टी धरून सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडेल. तरीही छाटणी सापडते, तुमच्याकडची बरीचशी तरी.

(दुसऱ्या वाचकांसाठी: अधिकाऱ्याने कुणाच्या नोंदीशिवाय, स्वतःहून माल अडवला असेल तर मार्कच्या मालकाला नोटीस आणि बॉण्डसाठी फक्त पाच दिवस असतात. म्हणून आपल्या कागदात दोहोंपैकी काय लिहिलंय ते पहिल्यांदा पाहावं. आणि मुलाने परदेशातून बापासाठी एखादा सिकेटर पाठवला, तर घरगुती वापराच्या अशा छोट्या पार्सलला हे नियम लागूच होत नाहीत.)

आता एजंटचा सल्ला. तो मुळीच ऐकू नका. मालावरचा हक्क सोडायची सोय कस्टम कायद्यात आहे, कलम २३ मध्ये. पण ज्या मालाबाबत या कायद्याखाली गुन्हा झाल्याचं दिसतंय, त्यावरचा हक्क असा सोडून देता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे तुम्ही लिहून दिलंत तरी सुटका होईलच असं नाही, आणि तुमच्या सहीचा एक कागद मात्र फायलीत कायमचा जाईल. उद्या ट्रेडमार्कचा दावा लागला तर समोरचा वकील तोच कागद आधी पुढे करेल: माल खरा होता तर सोडलात कशाला? सातपूरच्या एका उद्योजकाने असं घाईने लिहून दिलेलं पत्र मी पाहिलंय. दोनच ओळी होत्या. त्या दोन ओळींचं उत्तर देण्यात आमचं दीड वर्ष गेलं आणि माल शेवटी खराच निघाला. तुमचा एजंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला फाइल बंद करायची आहे, तुम्हाला माल सोडवायचाय. हे दोन वेगळे उद्देश आहेत.

वितरकाच्या माणसालाही स्टॅम्पपेपर देऊ नका. त्याला नम्रपणे एवढंच सांगा की तुम्ही मार्कच्या मालकाचे अधिकृत प्रतिनिधी असाल तर तसं अधिकारपत्र ईमेलवर पाठवा, आणि जे बोलायचं ते लेखी बोला. नोंदलेला हक्कदार नेमका कोण आहे, त्याचं नाव आणि पत्ता, हे कस्टमकडे मागण्याचा तुम्हाला या नियमांनीच अधिकार दिला आहे. आजच मागा. भारतात माल विकायचा एकट्याचा हक्क कंपनीने वितरकाला दिला असेल, तो त्यांच्या दोघांमधला करार आहे. त्या करारावर तुमची सही नाही.

इथे खरा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. नकली माल आणि समांतर आयात या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या प्रकरणात त्या एकमेकींत मिसळल्या गेल्याचं मला दिसतंय. दुसऱ्याच कुणी बनवून त्यावर ठसा मारला तो नकली माल. मूळ कंपनीनेच बनवलेला, इटलीच्या बाजारासाठी विकलेला, तिथे रीतसर विकत घेऊन तुम्ही भारतात आणला, ती समांतर आयात. ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ३० (३) सांगतं की मार्क असलेला माल कायदेशीरपणे मिळवलेल्या माणसाने तो पुढे विकला, तर निव्वळ तेवढ्याने मार्कचं उल्लंघन होत नाही. पोटकलम ४ मध्ये अपवाद आहे: मालाची स्थिती बदलली किंवा बिघडवली असेल तर कंपनी हरकत घेऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सॅमसंगच्या प्रिंटरांच्या खटल्यात हा अर्थ परदेशातल्या बाजारात घेतलेल्या मालालाही लावला. त्याच्या आधी, ८ मे २०१२ ला, कस्टमच्या केंद्रीय बोर्डाने परिपत्रक क्रमांक १३/२०१२ काढून समांतर आयातीबद्दल कस्टम अधिकाऱ्यांना खुलासा केला होता. दिल्लीचा निकाल मुंबईच्या अधिकाऱ्याला दाखवा, पण भर परिपत्रकावर द्या. बोर्डाची परिपत्रकं ही त्याच्या घरची आज्ञा असते.

तुमच्या मालावरचा आक्षेप काय आहे? कागदात तीन कारणं आहेत: खोक्यावर इटालियन मजकूर आहे, मुठीचा रंग भारतात मिळणाऱ्यासारखा लाल नसून पिवळा आहे, आणि दर भारतातल्या घाऊक दरापेक्षा कमी आहे. पात्याबद्दल एक अक्षर नाही. पोलादाबद्दल नाही, ठशाबद्दल नाही, स्प्रिंगबद्दल नाही. इटलीसाठी बनलेल्या खोक्यावर इटालियन असणारच.

म्हणून तुमचं पुढचं पाऊल संयुक्त तपासणीचं. नियमांप्रमाणे माल तपासायची आणि नमुने घ्यायची संधी मार्कच्या मालकाला मिळते तशी आयातदारालाही मिळते. ती लेखी मागा आणि स्वतः जा, फक्त एजंटला पाठवू नका. जाताना दुकानातला त्याच ब्रँडचा सिकेटर घेऊन जा, भारतीय वितरकाकडून घेतलेला, त्याच्या बिलासह. तुम्ही तो ब्रँड पूर्वीपासून विकता हे पत्रात आलंच आहे. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. मधला बोल्ट काढून पाती सुटी करा. पात्याच्या बुडाशी कोरलेला ठसा, खालच्या जबड्यावरची चीक निघून जायची खाच, अंगठ्याने लावायची कडी, स्प्रिंगचे वेढे, सगळं एकेक करून दाखवा. जे सारखं आहे ते सारखं आणि जे वेगळं आहे ते वेगळं अशी नोंद करून घ्या, फोटोसह. समोरच्या प्रतिनिधीने "हा आमचा माल नाही" म्हटलं तर नम्रपणे विचारा, कशावरून? कारण लेखी द्या. "पॅकिंग भारतासाठीचं नाही" हे उत्तर आलं तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं, कारण त्याने स्वतःच समांतर आयात सांगितली.

इटलीच्या डीलरला आजच ईमेल करा. व्हॉट्सअॅपवर नको. त्याच्याकडून हवंय ते हे: तो त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता असल्याचं पत्र, तुमच्या बॅचचे क्रमांक, आणि त्याने स्वतः तो माल ज्या बिलाने घेतला त्या बिलाची प्रत. शेवटची गोष्ट द्यायला तो कचरेल, आपला खरेदीचा दर कुणाला दाखवायचा नसतो. त्याला सांगा, दरावर काळी पट्टी मार, पण बिल नंबर, तारीख, बॅच आणि नग उघडे ठेव. तुमच्या बाजूने ऑर्डरचे ईमेल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमकडे भरलेला अर्ज) आणि बँकेतून पैसे गेल्याचा स्विफ्टचा कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. कारखान्यातून निघालेला माल तुमच्यापर्यंत कसा आला, ही साखळी अधिकाऱ्याला दोन मिनिटांत दिसली पाहिजे.

आणि हे करताना स्वतःलाही एक प्रश्न विचारा, भाऊ. दर इतका उतरता का मिळाला? डीलरने जुना साठा काढला, मोठी ऑर्डर होती, युरोपातला भावच तसा आहे, अशी कारणं असू शकतात. पण तो खरेदीचं बिल द्यायला शेवटपर्यंत टाळाटाळ करत राहिला, बॅच क्रमांक जुळेनात, तर मात्र लढू नका. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कच्च्या पोलादाचं पातं काय करतं ते मी बागेत पाहिलंय. दुपारपर्यंत धार जाते, काडी कापली न जाता चिरडते, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वरची साल सोलली जाते आणि छाटणाऱ्या बाईच्या तळहाताला फोड येतात. असा माल आपल्या शेतकऱ्याच्या हातात जाऊ नये, तो आपल्याला महागात पडला तरी. नकली ठरलेला माल नष्ट करतात किंवा मार्कच्या मालकाच्या संमतीने नेहमीच्या बाजाराबाहेर त्याची विल्हेवाट लावतात, आणि तसाच्या तसा परत पाठवायचीही परवानगी नसते. तेव्हा वसुली इटलीच्या डीलरकडून करायची, त्यासाठीही हीच फाइल लागेल.

भाड्याची भीती एजंटने घातली, त्याचंही सांगते. कस्टम क्षेत्रातल्या माल हाताळणीचे २००९ चे विनियम आहेत. त्यातल्या विनियम ६ प्रमाणे, कस्टम अधिकाऱ्यांनी अडवलेल्या किंवा जप्त केलेल्या मालावर, दुसऱ्या कायद्याच्या अधीन राहून, गोदामवाल्याने भाडं किंवा डेमरेज (माल उशिरा उचलल्याचा आकार) आकारायचं नसतं. मात्र ही सवलत आपोआप पदरात पडत नाही. अडवणुकीचा कालावधी नमूद केलेलं डिटेन्शन सर्टिफिकेट कस्टमकडून मागावं लागतं, ते सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला, द्यावं लागतं, आणि सीएफएसवाले त्यावरही वाद घालतात. त्यामुळे सोबत कस्टम कायद्याच्या कलम ४९ चा अर्जही द्या. क्लिअरन्सला वेळ लागणार असेल तर तोवर माल सार्वजनिक वखारीत ठेवायची परवानगी त्याखाली मिळते. तिथलं भाडं बरंच कमी पडतं. तुमची खोकी थोडी आहेत, कंटेनर अख्खा तुमचा नाही, त्यामुळे कंटेनरच्या भाड्याचा प्रश्नच येत नाही.

एक जागा अशी आहे जिथे तुमचीच चूक निघू शकते. मघाशी म्हटलं, माल सोडताना आयातीच्या बाकी अटी पूर्ण हव्यात. किरकोळ विक्रीच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, ग्राहकाच्या तक्रारीसाठी फोन, हे वजन-मापे खात्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे लागतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोक्यावर असं लेबल दिसत नाही. १९ तारखेला समोरचा आला नाही आणि माल लेबलासाठी अडला, तर त्याच्यासारखं दुर्दैव नाही. लेबलं आजच छापायला टाका आणि माल वखारीत असताना ती लावायची परवानगी मागा. ड्युटीचा काही फरक निघाला असेल तर तोही मिटवून ठेवा.

अधिकाऱ्याला पत्र साधं लिहा. एक पान पुरे. ४ ऑगस्टच्या पत्राचा क्रमांक, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, माल मूळ कंपनीचाच असून कायदेशीरपणे विकत घेतल्याचं विधान, जोडलेल्या कागदांची यादी, आणि मग मागण्या: हक्कदाराचं नाव-पत्ता, संयुक्त तपासणीची तारीख, डिटेन्शन सर्टिफिकेट, आणि मुदतीत कुणी सहभागी झालं नाही तर माल सोडण्याची विनंती. कुणावर आरोप नको, वरच्या ओळखींचा उल्लेख तर नकोच. ईमेलने पाठवा आणि एक प्रत हातोहात देऊन पोच घ्या. त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर रोज खरोखरच नकली माल येतो. तुमची फाइल त्यातली नाही, हे त्याला दाखवून द्यायचं काम आपलं आहे. चांगले कागद मिळाले की बहुतेक अधिकारी ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तरीही जप्ती झालीच तर घाबरू नका, फक्त कागद बदलतील. जप्तीचा मेमो आणि पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथे मागा. कलम ११०अ खाली बॉण्ड आणि हमीवर माल तात्पुरता सोडण्याचा अर्ज करा. नकलीच्या संशयात तो सहज मंजूर होत नाही, पण अर्ज फायलीत असलेला बरा. जप्तीपासून सहा महिन्यांत कलम १२४ ची कारणे दाखवा नोटीस यावी लागते. आयुक्त लेखी कारणं देऊन, ती मुदत संपायच्या आत तुम्हाला कळवून, आणखी सहा महिने वाढवू शकतात. तसं काही झालं नाही तर माल परत करावा लागतो. नोटिशीच्या उत्तरात त्या तपासणाऱ्या प्रतिनिधीची उलटतपासणी मागा. "दंड भरून सोडवून घेऊ" असं कुणी सुचवलं तर त्याआधी वकिलाला विचारा. आदेश विरुद्ध गेला तर ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं, दंड लावला असेल तर त्याच्या साडेसात टक्के रक्कम भरून. त्यावर मुंबईच्या न्यायाधिकरणात तीन महिन्यांत. मुदत उलटूनही माल नुसताच अडकवून ठेवला, तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे.

माल सुटला की बिलावर आणि दुकानातल्या पाटीवर ठळक लिहा, की हा माल आम्ही स्वतः आयात केलेला आहे, याची हमी आणि दुरुस्ती आमच्या दुकानाकडे, भारतीय वितरकाकडे नाही. सॅमसंगच्या निकालातही न्यायालयाने विक्रेत्यांना असाच खुलासा लावायला सांगितलं होतं. आणि स्प्रिंगा, पाती जास्तीची मागवून ठेवा, म्हणजे ती हमी खरोखर देता येईल.

राहिले ते ४७ शेतकरी. त्यांना माल कुठे अडकलाय ते आजच फोन करून सांगा, १९ तारीखही सांगा. ज्यांची छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला आहे त्यांचे ५०० रुपये परत द्या, त्यांना दुसरीकडून सिकेटर घेऊ द्या. बाकीचे थांबतील. आणि २० तारखेला सकाळी, कुणी सहभागी झालं की नाही हे विचारणारं दुसरं पत्र घेऊन तुम्ही स्वतः त्या कचेरीत असा. पिंपळगावहून पहाटे निघावं लागेल.